फूल नको, नुसती रेघ

पांढऱ्या रंगाचा मला आताशा वीट आला आहे. सकाळी शेडचं कुलूप काढावं, तर फळ्यांवर पांढऱ्या प्लेटा, पांढरे कप, पांढरे बाऊल आणि खाली खोक्यांत पेंढ्यात गुंडाळलेले आणखी पांढरे कप. कुणी विचारलं, तुमचा व्यवसाय काय, तर मी सांगते, चिनीमातीच्या भांड्यांचा. त्यावर हमखास उद्गार येतो, "अय्या, किती छान! म्हणजे चाकावर वगैरे बसता?" चाकावर कुणी बसत नाही. मातीला आम्ही हातही लावत नाही. कोरी, चकचकीत भांडी उत्तरेतल्या आणि गुजरातेतल्या कारखान्यांतून येतात. आम्ही त्यांच्यावर फुलं, रेघा, नाहीतर कंपन्यांची चिन्हं चढवतो, पुन्हा एकदा भट्टीत भाजतो आणि विकतो. यात छान काय आहे, ते मला बावीस वर्षांत कळलेलं नाही.

शेड बसवनगुडीत, वडिलांच्या घरामागे. वडील सरकारी संशोधन संस्थेत नोकरीला म्हणून महाराष्ट्रातून इथं कन्नड मुलखात आले आणि इथलेच झाले. पुढेमागे गाडी घेऊ म्हणून त्यांनी ही शेड बांधली, गाडी काही घेतली नाही. त्या जागेत आमच्या ह्यांनी विजेची भट्टी बसवली. आता भट्टीही म्हातारी झाली आणि आम्हीही. तिची एक कॉईल बदलावी तर दुसरी जाते, माझा एक गुडघा बरा व्हावा तर दुसरा धरतो. हे सकाळी मगांची खोकी घेऊन मारतहळ्ळीच्या ऑफिसांकडे निघतात, ते जेवणाची वेळ टळून गेल्यावर परत येतात आणि पुढचे दोन तास कुणाशी बोलत नाहीत. मला ते सोयीचंच पडतं.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. सगळ्यांत अवघड प्लेट म्हणजे नुसती पांढरी. तिच्यावर लपायला जागाच नसते. टाचणीच्या टोकाएवढं भोक, तिळाएवढा काळा ठिपका, झिलईत राहून गेलेली एक पुटकुळी, सगळं उघड्यावर. म्हणून जो माल निर्दोष, म्हणजे फस्ट, तो पांढराच विकायचा. आणि ज्याच्यात काही खोट आहे, तो सेकंड, त्याच्यावर फूल लावायचं. फुलं कागदावर छापून येतात. कागद पाण्यात भिजवला की फुलाची पातळ कातडी सुटते, ती बरोबर डागावर सरकवायची, रबरानं दाबून खालचं पाणी आणि हवा काढायची, आणि भट्टीत घालायची. भाजून निघाली की डाग गेला, नक्षी आली. गिऱ्हाईक म्हणतं, "वा, दोन फुलं इकडे आणि एकच तिकडे, किती वेगळं डिझाईन!" आम्ही पण म्हणतो, हो ना. लोकांच्या घरातली फुलाफुलांची क्रोकरी बघितली की माझी नजर फुलावर जात नाही, फुलाखाली काय असेल त्याच्यावर जाते. हा एक रोगच आहे.

ही फुलं गेली अठरा वर्षं अक्का लावते. ती बेळगावकडची. घरी मराठी, बाजारात कन्नड, आणि तिकडच्या बायकांसारखं "मी येतो, मी जातो" असं बोलणारी. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहानच आहे, पण इथं कुणालाही मानानं अक्का म्हणतात, तसं पहिल्या दिवशी म्हटलं आणि तेच राहिलं. ती मला वैनी म्हणते. नवरा लवकर गेला, एक मुलगी. आमच्याकडे आली तेव्हा मुलगी बालवाडीत होती, शेडच्या दारात बसून फुटक्या कपांत माती भरायची. आज ती मुलगी मारतहळ्ळीला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते.

फुलं काय, कुणीही शिकतं. अक्काची खरी विद्या म्हणजे सोन्याची रेघ. प्लेट हातानं फिरवायच्या चक्रीवर मधोमध बसवायची, डाव्या हातानं चक्री फिरवायची आणि उजव्या हातातला कुंचला हवेत तसाच स्थिर धरायचा. कुंचला हलत नाही, प्लेट त्याच्याखालून फिरते. बाटलीतलं सोनं काकवीसारखं काळपट असतं, भट्टीतून निघालं की पिवळं चमकतं. रेघ फिरून जिथं स्वतःला येऊन मिळते तिथं एक सांधा पडतो, जरासा जाड. माझ्या रेघेचा सांधा आंधळ्यालाही दिसेल. अक्काचा सांधा शोधायला मला नखानं चाचपावं लागतं, आणि तरी दहातल्या सहा वेळाच सापडतो.

हल्ली त्या रेघेला मागणी नाही. मायक्रोवेव्हमध्ये सोनं ठिणग्या मारतं, त्यामुळे ऑफिसवाले आधीच सांगतात, "मॅडम, गोल्ड नको." एखाद्या जुन्या क्लबाची, नाहीतर लग्नाच्या भेटीची ऑर्डर आली तर रेघ, एरवी मगांवर कंपन्यांची चिन्हं चिकटवायची. अक्का ते मुकाट्यानं करते. मी मात्र मुकाट्यानं काही करत नाही. मी दिवसभर कुरकुरते.

गेल्या वर्षी अक्काच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, आणि योगायोगानं गावही अक्काच्या गावाजवळचं. साखरपुडा झाल्यावर दुसऱ्या दिवशी अक्का कामाला आली, कोबाल्टच्या निळ्या फुलांचा कागद पाण्यात सोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "वैनी, विहीणबाईंनी विचारलं काल, तुम्ही काय करता म्हणून."

"मग?"

"प्लेटांवर सोन्याची रेघ मारतो म्हणालो. तर त्या म्हणाल्या, ते मशीन करतं की आता."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? चहा घेतला." थोडा वेळ ती फूल दाबत राहिली. मग म्हणाली, "मला एक डिनर सेट पाहिजे ओ. पोरीच्या रुखवतात ठेवायला. सहा मोठ्या प्लेटा, सहा लहान, सहा बाऊल. फस्ट माल. त्याच्यावर फूल नको, नुसती रेघ. रेघ मी मारतो. फुकट नको, किंमत लावा."

अठरा वर्षांत तिनं स्वतःहून काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. तिच्या घरी भांडी आमच्याच शेडमधली होती, पण ती सगळी मी दिलेली. वाकलेली, टेबलावर डुगडुगणारी, टवका उडालेली, फूल लावूनही न लपलेली. "ने गं अक्का, टाकायचंच आहे," असं म्हणून मी देत आले आणि उदार असल्याचं समाधान मिळवत आले. तेव्हा मला हे असं दिसत नव्हतं. मी तिला लगेच म्हटलं, "किंमत कसली लावायची? माझ्याकडून तिला आहेर. नवा माल आला की पहिला तुझा सेट बाजूला काढू."

"सरी," अक्का कन्नडात हो म्हणाली आणि हसली. ती फार हसत नाही. लग्नाला तीन महिने होते.

नवा माल आला, तेव्हा इंदिरानगरला कॅफे काढणारा एक तरुण शेडमध्येच उभा होता. त्याला सगळं पांढरं हवं होतं, नुसतं पांढरं, आणि आजच हवं होतं. मी अक्काकडे बघितलं. ती म्हणाली, "देऊन टाका वैनी, पुढच्या खेपेला बघू." पुढच्या खेपेला खोकी वाटेत आपटली होती. निम्म्याला चिरा, उरलेल्यातलं निम्मं सेकंड. तिसऱ्या खेपेच्या वेळी एका कंपनीची मगांची मोठी ऑर्डर आली आणि भट्टीची कॉईल गेली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला. मी सकाळी सातला शेडमध्ये शिरायची आणि अंधार पडल्यावर बाहेर यायची, हातपाय सुजलेले. अक्का मधून एकदा म्हणाली, "वैनी, ते पोरीचं..." मी म्हटलं, "अगं, विसरले नाही मी! डोकं नको खाऊ आता." तिनं परत विचारलं नाही.

लग्नाला दहा दिवस उरले आणि अक्का रजेवर गेली. जाताना तिनं चक्री पुसून ठेवली आणि म्हणाली, "मी एक दिवस येतो रेघ मारायला. तुम्ही निरोप करा."

तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं, की माझ्याकडे पांढरा फस्ट माल नाही. चिकपेटेत घाऊक दुकानं आहेत, आम्ही त्यांना माल देतो, ते आम्हाला ओळखतात. एका सकाळी मेट्रोनं जाऊन अठरा कोरी भांडी निवडून आणणं म्हणजे काही हिमालय चढणं नव्हतं. पण चिकपेटेतली ती गर्दी, ते जिने, ते खोकं दोन्ही हातांत धरून उतरणं, हे सगळं मनात आलं आणि मी खुर्चीतच बसून राहिले. दमलेल्या माणसाला आपला थकवा फार मोठा वाटतो. जगात दुसरं कुणी दमत असेल, हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

शेवटी सेकंडच्या फळीवरून मी अठरा भांडी काढली. चांगली होती. म्हणजे सेकंडमधली चांगली. कुणावर एक ठिपका, कुणावर दोन भोकं. ती पांढरी ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून मी निळी फुलं भिजवली आणि स्वतः लावली. कित्येक वर्षांनी लावत होते, वेळ लागला. लावता लावता मला ती आवडायला लागली. मनाशी म्हटलं, नुसत्या पांढऱ्यात काय आहे, हॉस्पिटलात जेवल्यासारखं. हे किती छान दिसतं, मुलीला आवडेल, आणि बिचाऱ्या अक्कालाही ऐन लग्नाच्या गडबडीत येऊन राबावं लागणार नाही. तिच्या लेकीच्या लग्नात तिनं कशाला काम करायचं! असा सगळा चांगुलपणाच मी जमवून आणला. भट्टी नेमकी त्या वेळी शहाण्यासारखी चालली.

लग्नाच्या तीन दिवस आधी अक्काला बोलावलं. ती हातात कुंचल्याची पिशवी घेऊन आली होती. मी ती पिशवी बघितली आणि जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं, "अगं तयार आहे! तुला काही करायचं नाही आता. बघ तर खरं."

खोकं उघडून तिनं वरची प्लेट काढली. आधी बोटाच्या पेरानं टिचकी मारून आवाज ऐकला, सवयीनं. आवाज खणखणीत होता. मग तिनं फुलावरून अंगठा फिरवला. अगदी सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि मधे एका जागी अंगठा थांबला. तिथं खाली काय आहे ते तिला कळलं, आणि तिला कळलं हे मला कळलं. तिनं दुसरी प्लेट काढली. मग तिसरी. अठराच्या अठरा बघेल असं वाटलं, पण तिसऱ्या प्लेटवर ती थांबली.

"छान आहे," ती म्हणाली.

"आवडला ना?"

"होय की. छान आहे."

प्लेटा तिनं पुन्हा कागदात गुंडाळल्या, जशा होत्या तशा एकावर एक रचल्या, खोकं बांधलं आणि रिक्षा बोलावून घेऊन गेली. कुंचल्याची पिशवी तिनं खांद्याला लावली होती. रात्री जेवताना मी ह्यांना सांगितलं, अक्काला सेट आवडला. ते म्हणाले, बरं झालं.

लग्न विजयनगरकडच्या एका छोट्या हॉलमध्ये होतं. मी गेले ती थेट रुखवताच्या टेबलापाशी. चोराच्या मनात चांदणं. लाडू, चिरोटे, करंज्यांची ताटं, मुलीनं लोकरीनं विणलेला पडदा, आणि मधोमध मांडलेला डिनर सेट. पांढरा शुभ्र, कडेला सोन्याची रेघ, फूल एकही नाही. मला क्षणभर वाटलं, हिनं हे केलं कधी? मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी एक प्लेट उचलली आणि कडेवरून नख फिरवलं. सांधा नव्हता. एका बाजूनं फिरवलं, दुसऱ्या बाजूनं फिरवलं. कुठंच सांधा नव्हता, रेघ सगळीकडे सारखीच जाड. प्लेट उलटी केली तर तळाला एका मोठ्या कारखान्याचा शिक्का. दुकानातून आणलेला, यंत्रावर रेघ मारलेला सेट होता. माझा निळ्या फुलांचा सेट कुठंही मांडलेला नव्हता.

मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर मला आधी राग आला. म्हटलं, वा गं वा! मी पाठ मोडून भट्टीपाशी उभी राहिले, आणि माझा आहेर मांडायला टेबलावर वीतभर जागा नाही? धर्माच्या गायीचे दात मोजायचे असतात का? अक्षता टाकल्या, जेवले, मठ्ठा छान होता. अक्का निरोप द्यायला दारापर्यंत आली, म्हणाली, "जेवला न्हवं वैनी? पान घेतलं?" तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिला विचारायला पाहिजे होतं, ते मी काही विचारलं नाही. बसमध्ये बसले आणि नॅशनल कॉलेजच्या स्टॉपपर्यंत येईतो राग उतरला. मग रागाखाली काय होतं ते दिसलं, आणि ते बघण्यात काही मजा नव्हती.

त्यानंतर आठ दिवस अक्का आली नाही. लग्नानंतर चार दिवसांनी येणार होती, आठ झाले. फोन केला तर उचलला नाही. नेमकी त्याच आठवड्यात एका जुन्या क्लबाची बारा डझन प्लेटांची ऑर्डर होती, रेघेची. मी चक्रीवर बसले. पहिली रेघ कुठल्या कुठं गेली, पुसली. दुसरी सांध्यापाशी दुपदरी झाली, पुसली. दुपारपर्यंत बऱ्या म्हणाव्यात अशा अकरा झाल्या आणि मान ताठ होऊन बसली. हे येऊन मागे उभे राहिले, म्हणाले, "तिनं दुसरीकडे काम धरलं असेल तर?" मी म्हटलं, तुम्ही जा आत. मला त्या ऑर्डरची काळजी नव्हती असं नाही. पण संध्याकाळी मी अक्काच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत बसायची, ते ऑर्डरीसाठी नव्हतं. ती आली नाही तर या शेडमध्ये मी एकटी काय करणार होते? आणि काय तोंडानं तिला ये म्हणणार होते?

सातव्या दिवशी मी चिकपेटेला गेले. जी खेप इतके दिवस जड वाटत होती, ती दोन तासांत झाली. घाऊक दुकानातल्या माणसाला म्हटलं, "अण्णा, पांढऱ्या कोऱ्या प्लेटा, फस्टमधल्या, आणि मी स्वतः निवडणार." त्यानं स्टूल दिलं. मी दीडशे प्लेटा उजेडात धरल्या, टिचक्या मारल्या, उताण्या-पालथ्या केल्या. सहा मोठ्या, सहा लहान, सहा बाऊल काढले, असे की त्यांच्यात खोट काढायला साक्षात अक्काच यावी लागली असती. खोकं मांडीवर घेऊन आले आणि अठराही भांडी तिच्या चक्रीजवळ मांडून ठेवली.

नवव्या दिवशी सकाळी शेडचं दार उघडं होतं आणि अक्का आत झाडत होती. मुलीला नव्या घरी पोहोचवून, तिथलं लावून-बिवून, मग ताप आला म्हणून चार दिवस पडून होतो, असं तिनं सांगितलं. मला लाडू दिले. मी भट्टीच्या मागे जाऊन चष्मा पुसला. मग तिला म्हटलं, "अक्का, ते बघ. कोरे आहेत. चिकपेटेहून आणलेत, एकेक निवडून. आज क्लबाचं काम राहू दे. आज तू तुझा सेट कर."

तिनं पदराला हात पुसले. एकेक प्लेट उचलली, वाजवली, दारातल्या उजेडात तिरकी धरली. तिला घाई नव्हती. सगळी अठरा झाल्यावर म्हणाली, "फस्ट आहेत सगळी."

"मग बस ना. सोन्याची नवी बाटली फोडलीय."

"आता नको वैनी."

"का गं? रुखवत झालं म्हणून काय झालं? वापरतील घरी." मग जे आठ दिवस मनात होतं ते मी बोलून टाकलं. "चुकलं माझं अक्का. तू काय मागितलंस आणि मी काय दिलं. मी फार दमले होते गं त्या दिवसांत."

"दमलाच होता तुम्ही. मी बघत होतो की." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "दमायचं काय, मी पण दमतो. नाही जमत म्हणून सांगितलं असतं तर मीच जाऊन कोरं आणलं असतं आणि इथं बसून रेघ मारली असती. एका दिवसाचं काम. शेवटच्या तीन दिवसांत कुठं मारू? भट्टी कुठनं आणू?"

"म्हणूनच म्हणते, आता मार. मुलीला दे. तुझ्या हातची रेघ तिच्या घरात असू दे."

अक्का स्टुलावर बसली. हातातली प्लेट तिनं चक्रीवर ठेवली नाही, मांडीवरच धरली.

"विहीणबाई आल्या ओ रुखवत बघायला," ती म्हणाली. "चार बायका बरोबर. प्लेट उचलली, अशी उजेडाला धरली. म्हणाल्या, ही तुम्ही मारलेली रेघ काय? पोरगी बाजूला उभी होती. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. मी होय म्हणालो."

मी सोन्याच्या बाटलीचं बूच लावलं.

"लई कौतुक केलं त्यांनी. माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, त्या दिवशी मी उगाच मशीन म्हणालो, मशीनला असं कुठलं जमतंय. आता तो सेट पोरीच्या घरात काचेच्या कपाटात लावलाय. येईल त्याला दाखवतात, हिच्या आईच्या हातची रेघ म्हणून." तिनं मांडीवरची प्लेट पालथी केली. "आता माझी रेघ तिथं नेली, तर दोन्ही शेजारी ठेवून बघतील की वैनी. वेगळी दिसणार. मग मी काय सांगू?"

मी भट्टीच्या दाराशी उभी होते आणि मला खूप वाईट वाटत होतं, इतकं की गुडघ्याचं दुखणंही त्या वेळी जाणवत नव्हतं.

अक्का उठली. ती अठरा भांडी तिनं दोन-दोन करून नेली आणि पुढच्या फळीवर, विकायच्या मालात रचली. "फस्ट माल आहे," ती म्हणाली, "गिऱ्हाईकाला देऊन टाका." मग स्टूल पुढे ओढून तिनं क्लबाच्या प्लेटांचा गठ्ठा जवळ घेतला, माझ्या अकरा रेघा बघितल्या आणि त्यातल्या नऊ पुसून पुन्हा मारायला घेतल्या.